हरकत कायम

“बसा. पण हरकत कायम.”

पाहुण्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवताना असं बोलणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या नशिबी शेजारी म्हणून आला. गल्ली त्यांना पेशकारसाहेब म्हणायची. पेशकार म्हणजे कोर्टात जज्जापुढं एकेक कागद मांडणारा कारकून. नोकरी संपून पाच-सहा वर्षं झाली होती, पण साहेबांच्या लेखी कोर्ट काही उठलं नव्हतं. ते त्यांनी घरी आणलं होतं. रोज सकाळी अंगणात भरायचं, आणि मुद्दालेह, म्हणजे ज्याच्यावर दावा तो, कोण, तर आमचा कुत्रा.

आधी जागा सांगते, म्हणजे माझा जळफळाट कळेल. औरंगाबादेत जुन्या शहरात आम्ही घर घेतलं तेव्हा वाळूजला नुकते कारखाने उभे राहत होते. आमचे हे तिथं पाळीवर जायचे, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. आमचं दार पुढच्या गल्लीत आणि सरकारी नळ मागच्या गल्लीत. मधे पेशकारसाहेबांचं अंगण. आमच्या परसातून कुंपण ओलांडलं, त्यांच्या सीताफळाच्या झाडाखालून दहा पावलं टाकली, की फाटकाबाहेर नळ. दहा पावलं! आणि तसं नाही जायचं तर पिठाची गिरणी, मग मशीद, मग लोहाराचं दुकान, असा सगळ्या गल्लीला वळसा. पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. शाळेच्या आधी डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन हा वळसा मी चार-चार वेळा घालायची. आणि आमचा कुत्रा माझ्या डोळ्यांदेखत कुंपणाच्या फटीतून सरळ जायचा. शेपूट वर करून!

नवीन होते तेव्हा मी एकदा रीतसर विचारलं होतं. म्हटलं, “पेशकारसाहेब, पाण्यापुरतं तुमच्या अंगणातून जाऊ का?”

“मास्तरीणबाई, तुम्ही या, बसा, सीताफळं खा,” ते म्हणाले. “पण जायचं म्हणाल तर नाही. आज मुलाहिजा, उद्या वहिवाट.”

“म्हणजे?”

“म्हणजे आज मी तुमची भीड धरतो. उद्या तुमच्या पायाला सवय लागते. परवा तुम्ही म्हणता, हा आमचा हक्क. हाताचं बोट दिलं की मनगट धरतात लोक. कोर्टात तीस वर्षं मी दुसरं काही पाहिलं नाही.”

मी घरी येऊन भांडी आपटली. दहा पावलांत यांचं काय झिजत होतं?

त्यांच्या या ‘हरकत कायम’च्या गोष्टी गल्लीत तोंडपाठ होत्या. ‘हरकत नाही’ हे दोन शब्द कुणीही दिवसातून दहादा बोलतं. भाजीवाली म्हणते, वाणी म्हणतो. पेशकारसाहेबांच्या तोंडून ते कधी कुणी ऐकले नव्हते. डॉक्टरनं विचारलं, “सुई देऊ का?” तर “द्या, पण हरकत कायम.” न्हाव्यानं विचारलं, “मिशी बारीक करू?” तर तेच. मुलाच्या लग्नात म्हणे भटजींनी सहज विचारलं, “साहेब, मंगलाष्टकांना सुरुवात करू?” आणि साहेब भर मांडवात म्हणाले, “करा, पण हरकत कायम.” मुलीकडचे पांढरेफटक पडले. मुलीच्या मामानं हुंड्याचं काही राहिलंय का म्हणून बाजूला घेऊन विचारलं. बायको बिचारी आधीच गेली होती, नाहीतर तिनं त्या दिवशी जीव दिला असता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, यम आला तरी हे त्याला ओसरीवर बसवून लेखी मागतील.

आता कुत्रा. त्याचं नाव आमच्या ह्यांनी ठेवलं होतं तहसीलदार. हे गंगापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. म्हणाले, “बघ की. गावभर हिंडतंय, दारोदार वसुली करतंय, आन् कामाला हात लावायचं नाव नाय. तहसीलदारच व्हय हे.” नाव चिकटलं. कुत्रा होताही तसाच. अंगानं भरलेला, चालणं सावकाश, आणि हटकलं की आपणच चुकलो असं समोरच्याला वाटावं अशी नजर.

तर हा तहसीलदार सकाळी सहाला अंगणात शिरायचा, सीताफळाच्या बुंध्याशी पाय वर करायचा आणि तिथंच सावलीत अंग टाकायचा. दुसऱ्या कुणी दगड मारला असता. पेशकारसाहेब नाही! ते ओसरीच्या पायरीवर यायचे, धोतर सारखं करायचे, चष्मा लावायचे आणि कोर्टाच्या शिपायासारखा खणखणीत पुकारा करायचे: “तहसीलदार हाजिर है? तहसीलदार हाजिर है? तहसीलदार हाजिर है?”

कुत्रा समोरच पसरलेला. तिसऱ्या पुकाऱ्याला शेपूट हलवायचा. मग साहेब कागदावरून वाचावं तसं त्याला ऐकवायचे, “सबब, तुझ्या या येण्यास आमची हरकत आहे. ऐकलंस?” आणि आत जाऊन रोजनामच्यात नोंद करायचे. रोजनामचा म्हणजे लाल कापडाच्या बांधणीची जाड वही. मी एकदा डोकावून पाहिली होती. ‘सदर कुत्रा सहा वाजून दहा मिनिटांनी पूर्वेच्या फटीतून आला. हरकत नोंदवली.’ पानामागून पान. एक दिवसाचा खाडा नाही.

मी म्हटलं, “एक काठी घाला की पाठीत. मी काही म्हणणार नाही.”

“दावा चालू असताना मुद्दालेहाच्या अंगाला हात लावता येत नाही,” ते म्हणाले. चेष्टा करत होते का, असं तुम्ही विचाराल. अहो, चेष्टा या माणसाला जन्मात जमली नाही.

मग त्यांनी पाटी लावली. ‘आत येण्यास मनाई आहे,’ वर मराठीत, खाली उर्दूत. पाटी जमिनीपासून हातभर उंचीवर. म्हटलं, एवढ्या खाली? तर म्हणाले, “ज्याच्यासाठी आहे त्याच्या नजरेला नको पडायला?” तहसीलदारानं पाटी हुंगली, आणि बुंध्याचं काम तेव्हापासून पाटीवर करू लागला. उर्दूच्या बाजूनं. साहेबांनी तेही लिहून ठेवलं.

तुकडा मात्र कधी टाकला नाही. “तुकडा टाकला की ते निमंत्रण होतं,” म्हणायचे, आणि दार लावून जेवायला बसायचे. कुत्र्याला घेऊन जायला मला बोलवायचे, तेही फटीतून यायचं नाही. गल्लीला वळसा घालून फाटकातून यायचं, कुत्र्याला गळ्याला धरायचं, आणि त्याच वळशानं परत. एकदा घाईत फटीतून गेले तर माझ्या समोर वहीत लिहिलं, ‘बाई फटीतून आल्या. हरकत नोंदवली.’ कुत्र्याच्या आणि माझ्या नोंदीत ‘आला’ नि ‘आल्या’ एवढाच फरक. मी दोन महिने बोलले नाही त्यांच्याशी. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

शेवटी त्यांनी वरती, कलेक्टर कचेरीत, अर्ज केला. आता यांची एक खोड अशी की घरच्या वहीत काहीही असो, सरकारी कागदावर कुणालाही एकेरी लिहायचं नाही. चोर असो, खुनी असो, कागदावर तो ‘ते’. पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दूत नक्कलनवीस, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या नकला उतरवणारे, म्हणून लागले होते, तिथं हात असा वळला होता. पुढं निजामाचं राज्य गेलं, कोर्टाची भाषा बदलली, यांनी मराठी लिहायला घेतलं, पण अदब तीच. त्यामुळं अर्ज असा झाला: ‘शेजारील तहसीलदार हे रोज सकाळी सहाच्या सुमारास विनापरवाना माझ्या अंगणात शिरतात, सीताफळाच्या बुंध्याशी पाय वर करून लघवी करतात, व हटकले असता दात दाखवतात. सबब योग्य तो बंदोबस्त व्हावा.’

कचेरीतल्या कुण्या शहाण्यानं वाचलं, घाम पुसला, आणि अर्ज थेट तहसीलदारांकडं पाठवला. खुलाशासाठी!

आठ दिवसांनी खाकी कपड्यातला एक शिपाई सायकलवरून आला. भला माणूस. मला फाटकाशी गाठून हळूच म्हणाला, “बाई, ये पेशकारसाब कौन हैं? हमारे साब लई गरम हुए हैं. बोलते, मैं उस गल्ली में कभी गयाच नहीं, तो पाँव ऊपर कब किया?”

मी सीताफळाखाली बोट दाखवलं. तहसीलदारसाहेब पोट वर करून झोपले होते. शिपायानं कुत्र्याकडं पाहिलं, हातातल्या लिफाफ्याकडं पाहिलं, आणि सायकल भिंतीला टेकवून खाली बसून हसला. डोळ्यांतून पाणी. “या अल्ला, अब साब को क्या बोलूँ मैं?”

पेशकारसाहेब तेवढ्यात बाहेर आले. हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना. लिफाफा वाचून म्हणाले, “नावाचा घोटाळा आहे. दुरुस्तीचा अर्ज देतो.” आणि दिला. ‘मूळ अर्जात तहसीलदार असे आहे तेथे तहसीलदार ऊर्फ कुत्रा असे वाचावे.’ तो कागद कुणाच्या टेबलावर पडला, देव जाणे. त्याचं उत्तर आलं नाही.

एका उन्हाळ्यात मात्र माझा तोल गेला. नळाला करंगळीएवढी धार, मान आखडलेली, लोहाराच्या दुकानापाशी ठेच लागून घागर पालथी झाली. भरून आणलेली! मी रिकामी घागर घेऊन तरातरा त्यांच्या फाटकात शिरले आणि म्हटलं, “पेशकारसाहेब, तुम्ही माणूस आहात का कागद? कुत्रं जातंय तिथून. मी त्याच्याहून गेलेली आहे का?”

ते आत गेले, माझी घागर त्यांच्या रांजणातून भरून आणली, आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, “बाई, गंगापुराकडं माझं शेत होतं. चांगलं काळं, मधोमध विहीर. मी नोकरीला शहरात. चुलतभावानं विचारलं, तुझ्या रानातून गाडी नेऊ का, पेरणीपुरती. मी पोस्टकार्डावर कळवलं, हरकत नाही.”

“मग?”

“पेरणी झाली, काढणी झाली, बारा पेरण्या झाल्या. मग मी नको म्हणालो, तर तो कोर्टात गेला. माझं पोस्टकार्ड दाखवलं. वाट त्याची ठरली. शेताचे दोन तुकडे झाले आणि विहीर वाटेपलीकडं गेली. बिनपाण्याच्या रानात काय करता? विकलं त्यालाच.” चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. “तेव्हा मी त्याच कोर्टात नकला करायला होतो. निकालाची नक्कल माझ्याच टेबलावर आली. ‘हरकत नाही’ हे दोन शब्द मी निकालात माझ्या हातानं लिहिले. अक्षर चांगलं होतं माझं. जज्जसाहेबांनी वाखाणलं.”

मला त्या वेळी वाईट वाटलं का? वाटलं. घागर घरी नेईपर्यंत. मग म्हटलं, चुलतभावानं शेत खाल्लं म्हणून मी का वळसा घालायचा? आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “लई येडा माणूस. पोस्टकार्ड कशाला लिहावं? तोंडी सांगायचं.”

अशी कितीतरी वर्षं गेली. एक दिवस सकाळी पुकारा झाला नाही. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. कुंपणावरून पाहिलं तर तहसीलदार पायरीसमोर उभा, कान टवकारून. मेल्याला हरकत घेणारा लागत होता! मी फटीतून आत गेले. साहेब खाटेवर तापानं फणफणलेले, रोजनामचा उशाशी.

पंधरा दिवस मी त्यांना पेज नेली. गरम गरम, लिंबाचं लोणचं घालून. फटीतूनच नेली, पेज घेऊन गल्लीला वळसा कोण घालतो? आणि खरं सांगायचं तर जाताना रिकाम्या हातानं जात नव्हते. पेजेचं पातेलं एका हातात, कळशी दुसऱ्या हातात. पेज ठेवायची, पुढं होऊन पाणी भरायचं, दहा पावलांत परत. साहेब खाटेवरून बघायचे. काही म्हणायचे नाहीत. तहसीलदार खाटेखाली लोळायचा, त्यालाही काही म्हणायचे नाहीत. मी मनात म्हटलं, आली वठणीवर स्वारी.

मग पुण्याहून मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. रिक्षात बसताना साहेबांनी माझ्या हातात फाटकाची किल्ली दिली आणि रोजनामचा दिला. “बाई, अंगणावर लक्ष असू द्या. कुत्रा येईल. हरकत लिहीत चला. खाडा पडू देऊ नका.”

“लिहिते,” मी म्हटलं.

एक अक्षर लिहिलं नाही. कुणाविरुद्ध लिहायचं? कुत्र्याविरुद्ध, का स्वतःविरुद्ध? किल्ली हातात होती. मी रोज सीताफळाखालून पाणी भरलं. दोन महिन्यांनी साहेब पुण्यात वारल्याचं कळलं. तहसीलदारही त्याच वर्षी गेला, म्हातारा झाला होता.

वर्षभरानं मुलगा घर विकायला आला. घेणारा माणूस कुंपणाच्या जागी भिंत घालणार होता. म्हणजे फट बुजणार, आणि मी पुन्हा गिरणी, मशीद, लोहार. त्या रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, “त्या वहीत काय लिवलंय बघ तरी.”

मी शेवटचं पान उघडलं. अक्षर थरथरत होतं, पण त्यांचंच. ‘सकाळी कुत्रा आला. मागोमाग बाई आल्या, पेज घेऊन. घटकाभर बसल्या. हरकत नाही.’

एवढंच. साऱ्या वहीत ते दोन शब्द तिथंच, एकदाच.

ह्यांनी ताटातला हात तसाच धरला. “हे दाखव त्याला. बापाच्या हातचं हाय. आयतं आलंय, सोडू नको. पाणी वाहून मान मोडली तुझी.”

मला पोस्टकार्ड आठवलं का, असं विचाराल, तर आठवलं. नंतर आठवलं असं सांगितलं असतं तर शोभलं असतं, पण खोटं कशाला बोलू? पान उलटतानाच आठवलं होतं. ते दोन शब्द त्यांनी पेजेसाठी लिहिले होते, वाटेसाठी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मास्तरीण आहे. मला वाक्य वाचता येतं.

तरी दुसऱ्या दिवशी वही नेली आणि पान दाखवलं. म्हटलं, “इतकी वर्षं येणंजाणं आहे आमचं. तुमच्या वडिलांची हरकत नव्हती. हे बघा.”

मुलानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. चाळिशीचा माणूस, पण डोळे भरले. म्हणाला, “काकू, अण्णांनी हे कुणाला लिहिलेलं मी पाहिलं नाही. मी पुण्याला शिकायला निघालो तेव्हासुद्धा एसटीच्या खिडकीशी उभं राहून म्हणाले, जा, पण हरकत कायम. तुम्हाला लिहिलंय म्हणजे तुम्ही त्यांचं फार केलं असणार.”

मी मान खाली घातली. त्याला ती नम्रता वाटली.

त्यानं वही मलाच ठेवायला दिली, आणि विक्रीच्या कागदात फटीपासून मागच्या गल्लीपर्यंतची तीन फुटांची पट्टी आम्हाला सोडली. सीताफळ त्या पट्टीत येत होतं, ते आम्हीच तोडलं. छान बोळ झाला. फरशी घातली, दोन्ही तोंडांना लोखंडी दार बसवलं. दहा पावलांत पाणी. आणि गंमत बघा, चार वर्षांनी नळ घरातच आला. आता त्या बोळात आमची जुनी सायकल उभी असते.

मागच्या आषाढात शेजारच्या घरात नवीन जोडपं राहायला आलं. मुलगी गोड आहे, बँकेत जाते. त्यांच्या फाटकापुढं चिखल होतो. परवा सकाळी माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, “काकू, तुमच्या बोळातून माझी स्कूटी काढू का? रोज नाही. पावसापुरती.”

‘हरकत नाही’ अगदी ओठावर आलं होतं. एवढीशी पोर, एवढीशी वाट, माझं काय झिजत होतं? पण हरकत नाही म्हणणाऱ्याचं पुढं काय होतं ते मला ठाऊक आहे. मीच केलंय ते.

“काढ बाई,” मी म्हटलं, “पण हरकत कायम.”

तिला आधी कळलंच नाही. मग खुदकन हसली आणि गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. नवऱ्याला माझी नक्कल करून दाखवत होती. हुबेहूब, त्या ‘पण’वर तसाच जोर देऊन. दोघं पोट धरून हसत होती.

मी आत गेले आणि कपाटातून रोजनामचा काढला. शेवटच्या नोंदीखाली पान मोकळंच होतं. तारीख घातली.